रिमोट सारखा तुटतोय? रीस्टार्ट करायच्या आधी हे बघा

लांबचा कॉम्प्युटर आपल्या जागेवरून उघडून चालवायचा, त्याला 'रिमोट' म्हणतात. "रिमोट लागत नाहीये" या एका वाक्यात निदान चार वेगळ्या तक्रारी असतात. समोरचा कॉम्प्युटर यादीत दिसतच नाही किंवा ऑफलाइन दिसतो, ही पहिली. दिसतो पण पासवर्ड घेत नाही, ही दुसरी. जोडला जातो पण स्क्रीन काळी, ही तिसरी. आणि चौथी म्हणजे सगळं व्यवस्थित चाललेलं असताना पाच-दहा मिनिटांत मध्येच तुटतं. या चौघींची कारणं वेगवेगळी, पण उपाय मात्र सगळीकडे एकच होतो: मशीन रीस्टार्ट करा, नाही झालं तर राउटर बंद-चालू करा, तरीही नाही तर सॉफ्टवेअर काढून परत टाका.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली छोटी ऑफिसं, शाळांच्या लॅब, पतसंस्थांच्या शाखा, किनाऱ्यावरची लॉजेस हे माझं गिऱ्हाईक. नकाशावर जवळ दिसणाऱ्या दोन गावांच्या मधे खाडी असते, आणि दहा मिनिटांच्या कामासाठी अर्धा दिवस गाडीत जातो. त्यामुळे रिमोटशिवाय भागत नाही. या सगळ्यात एक गोष्ट पक्की समजली आहे. रिमोटचं सॉफ्टवेअर स्वतः बिघडलेलं फार क्वचित निघतं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, व्हीएनसी, विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, शाळेतलं वेयॉन, यातलं काहीही घ्या. खाली वायर, पत्ता (नेटवर्कवरचा आयपी), फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारा पहारेकरी), घड्याळ यांत कुठेतरी खोट असते आणि बोंब मात्र वरच्या सॉफ्टवेअरच्या नावाने होते.

रीस्टार्टवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. रीस्टार्ट केलं की नवा आयपी मिळतो, अडकलेली सर्व्हिस नव्याने सुरू होते, झोपलेलं नेटवर्क कार्ड जागं होतं, फायरवॉलचं प्रोफाइल पुन्हा ठरतं. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर रिमोट लागला तर नेमका कशाने लागला? कळायला मार्ग नाही. दोन दिवसांनी तीच अडचण परत, आणि परत तेच रीस्टार्ट. वर्षभर असं चालवणारी ऑफिसं मी पाहिली आहेत.

फोनवर काय विचारायचं

कुडाळकडच्या शाखेतून फोन येतो: "मशीन चालू आसा, नेट पण आसा, तुमचाच कायतरी बिघडलेला आसा." यातलं नेट बहुतेक वेळा त्या माणसाच्या खिशातल्या मोबाइलचं असतं. म्हणून 'नेट आहे का' हा प्रश्न विचारूच नये. त्याऐवजी मशीन जसं आहे तसं ठेवून तीन फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचे. पहिला, कॉम्प्युटरच्या मागे जिथे वायर शिरते तिथल्या दिव्यांचा. दुसरा, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातल्या तारीख-वेळेचा. तिसरा, कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाइप केल्यावर जे येतं त्याचा. सोबत एक प्रश्न: बाकीची मशीन कशी आहेत? एकच बंद, अर्धी बंद की सगळीच? या उत्तरावर निम्मं काम होतं. एकच बंद असेल तर त्या मशीनमध्ये किंवा त्याच्या वायरीत बघायचं. सगळी बंद असतील तर स्विच (सगळ्या मशीनच्या वायरी एकत्र जोडणारा डबा), राउटर किंवा लाईनमध्ये. अर्धी बंद असतील तर बहुतेक पत्त्यांचा घोळ.

पत्त्यांचा घोळ

फोटोत आयपी १६९.२५४ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, विंडोजने आपला आपणच लावून घेतलाय. वळवाच्या दिवसांत लाईट येते-जाते तेव्हा हे हमखास होतं, कारण कॉम्प्युटर राउटरच्या आधी उठतो. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा पत्ता मागत राहतं, त्यामुळे बऱ्याचदा आपोआप बरं होतं आणि कोणाला कारण कळत नाही. इलाज सोपा आहे. राउटर आणि स्विच दोन्ही छोट्या यूपीएसवर घ्यायचे, नुसता कॉम्प्युटर नाही. मी जातो तिथे कॉम्प्युटरला यूपीएस असतो आणि स्विच मात्र भिंतीवरच्या साध्या खटक्याला लावलेला असतो. बाकी सगळी मशीन ठीक आणि एकट्याचाच पत्ता १६९.२५४ असेल तर खाली वायरीच्या भागाकडे जा.

याहून फसवा प्रकार म्हणजे एका नेटवर्कवर दोन राउटर. तारकर्लीकडच्या एका लॉजचं उदाहरण सांगतो. रिसेप्शनचा आयपी १९२.१६८.१ने सुरू होणारा, मागच्या ऑफिसचा १९२.१६८.०ने. दोन्हीकडे इंटरनेट मस्त, त्यामुळे नेटवर्कवर कोणाचा संशय जाईना. तक्रार अशी होती की ऑफिसातून रिसेप्शनचा कॉम्प्युटर उघडता येतो, पण रिसेप्शनवरून ऑफिसचा कधीच नाही. जांभ्याच्या जाड भिंतींतून वायफाय पोचत नव्हतं म्हणून कोणीतरी दुसरा राउटर आणून त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरची लाईन घ्यायच्या भोकाला) पहिल्याची वायर जोडली होती. अशा जोडणीत आतल्या राउटरमागची मशीन बाहेर जाऊ शकतात, बाहेरून आत मात्र कोणी येऊ शकत नाही. एकतर्फी रिमोट दिसला की हेच तपासायचं.

वायर वॅनऐवजी लॅन पोर्टला (आतली मशीन जोडायच्या भोकाला) लावलेली असेल तर घोळ आणखी वाढतो. दोन्ही राउटर पत्ते वाटायला लागतात आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता कॉम्प्युटर घेतो. काल जी मशीन रिमोटवर दिसत होती त्यातली चार आज गायब आणि दुसरी चार हजर. लोक याला 'भूत' म्हणतात, पण हे दोन राउटरांचं भांडण आहे. दोन्ही प्रकारांना इलाज एकच: दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद करायचं, त्याला मुख्य राउटरच्या पट्ट्यातला एक रिकामा पत्ता द्यायचा आणि वायर लॅन पोर्टला लावायची. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडला की हे सगळं एका बटनात होतं.

तिसरा प्रकार: पिंग (मशीनला हाक मारून उत्तर येतं का बघणं) लागतं, रिमोट लागत नाही. कोणीतरी कधीतरी कॉम्प्युटरला १९२.१६८.१.२५ असा पत्ता हाताने लावला, पण राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यातून तो वगळला नाही. मशीन बंद असताना राउटरने तोच पत्ता एखाद्या मोबाइलला देऊन टाकला. आता तुम्ही पिंग करताय तो एखाद्या शिपायाचा फोन, आणि फोनवर रिमोट डेस्कटॉप कुठून लागणार! पिंग झाल्यावर लगेच एआरपीची यादी (कुठल्या आयपीमागे कुठलं कार्ड आहे ते) बघा आणि त्यातला मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) मशीनवरच्या मॅक पत्त्याशी जुळतो का ते तपासा. माझा सल्ला असा की हाताने पत्ता लावायच्या भानगडीत पडूच नये. राउटरमध्येच मॅक पत्त्यावरून पत्ता राखून ठेवायचा, म्हणजे मशीन फॉरमॅट झालं तरी पत्ता तोच राहतो.

उलटाही प्रकार असतो. पिंग लागत नाही म्हणजे मशीन बंद आहे असं बिलकूल नाही. विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देणं अडवू शकते. पण त्याच नेटवर्कवरच्या मशीनला एआरपीचं उत्तर द्यावंच लागतं, ते फायरवॉल थांबवत नाही. म्हणून पिंग फेल गेलं तरी एआरपीच्या यादीत मॅक पत्ता उमटला असेल तर मशीन जिवंत आहे, वायर ठीक आहे आणि अडवणारी फायरवॉल आहे. ही एक युक्ती माझ्या फार उपयोगी पडली आहे.

राउटर बदलल्यापासून रिमोट गेला

मे महिन्यात वीज पडते आणि राउटर जळतो. केबलवाल्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी नवा राउटर लावून जातो. नाव तेच, पासवर्ड तोच, इंटरनेट चालू. आणि रिमोट बंद. मशीनला तर कोणी हात लावलेला नाही.

विंडोज वायरीवरचं घरगुती किंवा छोट्या ऑफिसचं नेटवर्क ओळखतं ते गेटवेच्या, म्हणजे राउटरच्या मॅक पत्त्यावरून. नवा राउटर म्हणजे विंडोजच्या लेखी नवं, अनोळखी नेटवर्क. अनोळखी नेटवर्कला ते 'पब्लिक' मानतं, आणि तुम्ही रिमोटसाठी फायरवॉलमध्ये दिलेली परवानगी असते 'प्रायव्हेट' नेटवर्कपुरती. कोपऱ्यात 'हा कॉम्प्युटर इतरांना दिसू द्यायचा का' असं विचारणारी पट्टी येते, कॅशियर घाईत 'नो' दाबतो, संपलं. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोफाइल 'प्रायव्हेट' करा, बहुतेक वेळा तिथल्या तिथे लागतं.

ते करूनही लागत नसेल तर दोन्ही बाजूंनी तपासायचं. ज्या मशीनवर जायचंय तिथे कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट चालवून संबंधित पोर्ट (इथे वायरीचं भोक नाही, सॉफ्टवेअर ज्या क्रमांकावर जोडणीची वाट बघतं तो) 'लिसनिंग' आहे का बघा: रिमोट डेस्कटॉपचा ३३८९, व्हीएनसीचा ५९००, वेयॉनचा १११००. यादीत नसेल तर सर्व्हिसच चालू नाही, फायरवॉलशी झटापट करून उपयोग नाही. यादीत असेल तर दुसऱ्या मशीनवर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शनने तोच पोर्ट तपासा. इथे लिसनिंग आणि तिथे 'फॉल्स' आलं तर मधे कोणीतरी अडवतंय. विंडोजची फायरवॉल नसेल तर ॲन्टीव्हायरसची. बऱ्याच ॲन्टीव्हायरसना रिमोटची सॉफ्टवेअर मुळातच संशयास्पद वाटतात, आणि एखाद्या अपडेटनंतर ती गुपचूप क्वारंटाइनमध्ये जाऊन बसतात. एक्सेप्शन द्यायचं ते एका फाइलला नाही, त्या सॉफ्टवेअरच्या पूर्ण फोल्डरला.

कधीकधी क्वारंटाइन माणसंच करतात. फेब्रुवारी २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क वापरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं. तो मजकूर अजून व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि कोणीतरी काळजीपोटी सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करून टाकतं. त्या माणसावर ओरडू नका, त्याचं बरोबरच आहे. कोण कधी रिमोटवर येणार हे शाखेला आधी माहीत पाहिजे आणि अनोळखी फोनवर कोणालाही आयडी सांगायचा नाही, एवढं ठरवून घ्या.

घड्याळ

आपल्याकडे संध्याकाळी ऑफिस बंद करताना मेन स्विच पाडायची पद्धत आहे. विजेची भीती खरी आहे, त्यामुळे 'पाडू नका' असं मी सांगत नाही. पण मेन पडला की रात्रभर कॉम्प्युटरचं घड्याळ मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ बॅटरीवर चालतं. आठ-दहा वर्षांच्या मशीनमध्ये ती बॅटरी कधीच बदललेली नसते. ती संपली की सकाळी तारीख काही वर्षं मागे जाते.

चुकलेल्या तारखेमुळे सुरक्षित जोडणीची सर्टिफिकेटं 'अजून लागू नाहीत' अशी ठरतात आणि इंटरनेटमार्गे चालणारी रिमोटची सॉफ्टवेअर सर्व्हरशी जोडलीच जात नाहीत. स्क्रीनवर येतं काय, तर 'नेटवर्कशी जोडलेलं नाही'. मग माणसं राउटर बंद-चालू करत बसतात. ओळखायची खूण: ब्राउझरही साइट उघडताना सुरक्षिततेचा इशारा देतो. फरक काही वर्षांचा असेल तर विंडोज तो आपणहून भरून काढत नाही. आधी तारीख हाताने जवळपास बरोबर लावा, मग 'सिंक नाउ' दाबा, आणि त्याच दिवशी बॅटरी बदला. बाजारात किरकोळ किमतीत मिळते.

मेन पाडणाऱ्यांनी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) आणखी एक गोष्ट बघून ठेवावी. लाईट आल्यावर मशीन काय करणार, बंद राहणार की सुरू होणार, हे तिथे ठरतं. बाहेरून रात्री-पहाटे काम करायचं असेल तर 'पॉवर ऑन' हवं.

आणि सकाळी लागणारा रिमोट दुपारी जेवणानंतर गायब होत असेल तर मशीन झोपलंय, दुसरं काही नाही. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी असते, ती टिकमार्क काढा.

जोडला, पण काळा

विंडोज ज्या वेळी ॲडमिनची परवानगी विचारतं त्या वेळी ते एका वेगळ्या सुरक्षित डेस्कटॉपवर जातं. रिमोटचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल न करता नुसतं डबल क्लिक करून चालवलेलं असेल तर त्याला तो डेस्कटॉप दिसत नाही. तुमच्याकडे काळं, तिकडे समोर बसलेल्याला 'यस-नो' दिसतंय. सॉफ्टवेअर नीट इन्स्टॉल करून सर्व्हिस म्हणून चालवलं की हा प्रश्न मिटतो.

मॉनिटर न लावता कोपऱ्यात ठेवलेल्या मशीनवर काळी किंवा अगदी छोटी स्क्रीन येते, कारण ग्राफिक्स कार्डाला स्क्रीनच सापडत नाही. एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो तो लावा. रिमोट डेस्कटॉपने आत जाऊन तसंच बंद केलं असेल तर मशीनसमोरची स्क्रीन लॉक राहते आणि मग व्हीएनसीने गेल्यावर लॉगिनची खिडकी किंवा काळं दिसतं. एकाच मशीनवर दोन तऱ्हेचे रिमोट ठेवायचे असतील तर हे लक्षात असू द्या.

पासवर्डच्या तक्रारींत नेहमीचे चार-पाच गुन्हेगार आहेत. विंडोजच्या 'होम' आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्याकडे जाता येतं, पण कोणी आपल्याकडे येऊ शकत नाही. तिथे कितीही सेटिंग शोधलंत तरी सापडणार नाही. पासवर्डच नसलेल्या खात्यावर रिमोट डेस्कटॉप मुळात आत घेत नाही. मशीनसमोर बसून चार आकडी पिन टाकणाऱ्याला खरा पासवर्ड आठवत नसतो, आणि रिमोटला पिन चालत नाही. पासवर्डची मुदत संपली असेल आणि नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (स्क्रीन दाखवायच्या आधीच पासवर्ड तपासणं) चालू असेल तर तो बदलायची संधीही न देता बाहेरच ठेवतं, मग समोर कोणीतरी बसून बदलावा लागतो. 'एन्क्रिप्शन ओरॅकल' असे शब्द असलेला निरोप आला तर दोनपैकी एका मशीनला २०१८पासूनचे अपडेट मिळालेले नाहीत. अपडेट करा, सुरक्षितता उतरवायचे शॉर्टकट करू नका.

पावसाळ्यातली वायर

आता खरा कोकणी आजार. जोडतो, चालतो, पाच मिनिटांनी तुटतो, परत जोडतो. जूनपासून वाढत जातो, थंडीत कमी होतो. सॉफ्टवेअर बदलून, राउटर बदलून झालेलं असतं. इंटरनेट 'ठीक चालतंय' असं सगळे सांगतात.

वायरीच्या टोकाचा प्लग काढा आणि मोबाइलच्या टॉर्चखाली तिरका धरा. आठ सोनेरी पट्ट्या दिसतील. त्यातल्या एक-दोन पट्ट्यांच्या कडेला हिरवट-निळी बुरशीसारखी पूड दिसली तर कारण सापडलं. खारं वारं आणि ओल यांनी तांबं खाल्लेलं असतं. भिंत जांभ्याची आणि बाहेरून गिलावा नसलेली असेल, आणि वायर तिला चिकटून खाली उतरत असेल, तर पाणी वायरीवरून ओघळत थेट प्लगमध्येही येतं. पोर्टाच्या आतल्या बारीक तारांवरही तीच पूड चढते, तिथे मोबाइलचा टॉर्च पोचवायला डोकं वाकडं करावं लागतं. पण बघा.

उघडून न बघताही ओळखता येतं. नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये वेग लिहिलेला असतो. आधी १ जीबीपीएस असलेली लाईन आता १०० एमबीपीएस दाखवत असेल तर वायरीतली एखादी जोडी गेली. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. १००ला दोन पुरतात, पिन १, २, ३ आणि ६वरच्या. म्हणजे मशीन लंगडत का होईना चालत राहतं. १० दाखवत असेल तर त्या दोन जोड्याही आजारी आहेत.

मग इंटरनेट चालतं आणि रिमोटच का तुटतो? पान उघडताना क्षणभर लाईन गेली तर ब्राउझर पुन्हा प्रयत्न करतो, आपल्याला कळतही नाही. रिमोट म्हणजे तासभर अखंड धरून ठेवलेली एकच जोडणी. लिंक एक सेकंद पडली की विंडोज त्या कार्डाचा आयपी काढून घेतं आणि त्यावरच्या सगळ्या जोडण्या मरतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरच्या नावाने 'लिंक डिसकनेक्टेड' अशा ओळी सापडतात, इंटेलच्या कार्डांना त्या २७ क्रमांकाने येतात. या नोंदींच्या वेळा आणि रिमोट तुटल्याच्या वेळा जुळल्या की पुढे वाद नाही.

प्लग खरवडून साफ करू नका, वरचा सोन्याचा पातळ मुलामा जातो आणि पुढच्या पावसात आणखी लवकर सडतो. प्लग कापून टाका, चांगली वायर दिसेपर्यंत मागे सरका, नवा लावा. पोर्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा. कापलेल्या जागी तार तांब्यासारखी लाल नसून आतून पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर आहे. तिच्यावर नवे प्लग लावत बसण्यात अर्थ नाही, वायरच बदला. नवी टाकताना मशीनमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या टोकाला गळतं, प्लगमध्ये जात नाही. स्विच जमिनीवर किंवा ओलसर भिंतीवर नको. पाली आत शिरू नयेत म्हणून जाळी लावा, हे मी गंमतीत सांगत नाही.

दोन इमारतींच्या मधे अंगणातून, माडाच्या आधाराने नेलेली तांब्याची वायर असेल तर ती काढाच. जवळपास वीज पडली तरी तिच्यातून झटका येऊन दोन्हीकडचे पोर्ट जातात, कधी अर्धे जातात आणि मग महिनोन्महिने अधूनमधून तुटत राहतात. त्या जागी फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी वायर जोडणारा डबा). काचेतून वीज वाहत नाही.

शाळेची लॅब

वेयॉन हे फुकट आणि चांगलं सॉफ्टवेअर आहे, पूर्वी आयटाल्क नावाने यायचं. सरांच्या मशीनवर सगळ्या मुलांच्या स्क्रीन दिसतात. तक्रार ठरलेली: काही खिडक्या काळ्या किंवा राखाडी राहतात.

लॅब लावताना एका मशीनची इमेज (पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल) बाकीच्यांवर उतरवलेली असेल तर आधी कॉम्प्युटरची नावं बघा. दोन मशीनचं नाव सारखं असलं तर सरांना एकच दोनदा दिसतं किंवा आलटून पालटून दिसतं. इमेजबरोबर एनीडेस्कही उतरलं असेल तर त्याचा आयडीही सगळीकडे तोच जातो, आणि तुम्ही एकाला फोन लावता तेव्हा दुसराच उघडतो. इमेज काढायच्या आधी अशी सॉफ्टवेअर टाकायची नाहीत, उतरवल्यावर टाकायची.

वेयॉनमध्ये किल्ल्यांनी ओळख पटवायची पद्धत असेल तर सरांच्या मशीनवरची खाजगी किल्ली आणि मुलांच्या मशीनवरची सार्वजनिक किल्ली एकाच जोडीतली हवी. सरांचं मशीन फॉरमॅट झालं आणि कोणी नवी जोडी बनवली की पूर्ण लॅब एकदम नकार देते. जुनी जोडी पेन ड्राइव्हवर ठेवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. लॅपटॉप वायफायवर असतील तर राउटरमध्ये क्लायंट आयसोलेशन किंवा गेस्ट नेटवर्क चालू नाही ना बघा. ते एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलूच देत नाही.

स्विचचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील आणि पूर्ण लॅब बंद असेल तर कोणीतरी मोकळी लोंबणारी वायर 'नीट' करायला स्विचच्या दुसऱ्या भोकात खोचली आहे. एकेक वायर काढत जा, थांबेल.

बाहेरून आत येताना

राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून येणारी जोडणी आतल्या एका मशीनकडे वळवली) तरी बाहेरून लागत नाही, अशी तक्रार असेल तर राउटरच्या पानावर वॅनचा आयपी बघा. तो १००.६४पासून १००.१२७पर्यंतच्या पट्ट्यातला असेल तर तुमच्यासारख्या कित्येक ग्राहकांना कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. हा पट्टा २०१२मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरमध्ये काहीही केलंत तरी बाहेरून आत येता येणार नाही. स्थिर सार्वजनिक आयपी विकत घ्या किंवा आतून बाहेर जोडणाऱ्या मार्गाने जा: वायरगार्डसारखा व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारा खाजगी बोगदा), किंवा टेलस्केल.

सार्वजनिक आयपी मिळाला म्हणून ३३८९ थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. मे २०१९मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप नावाच्या त्रुटीमुळे जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. ती बुजवली तरी पासवर्ड आजमावणारे यांत्रिक हल्ले दिवसरात्र चालूच असतात. त्यातून नवी तक्रार उगवते, 'माझं खातं सारखं लॉक होतं'. विंडोज ११च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्या मशीनवर दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं दहा मिनिटं लॉक होतं. तुम्ही एकदाही चुकला नसलात तरी ते दहा प्रयत्न दुसऱ्याच कोणीतरी केलेले असतात.

व्हीपीएन लावल्यावर शाखांचा एक जुना दोष वर येतो. रत्नागिरी, लांजा, राजापूर, तिन्हीकडे राउटरचा मूळ पत्ता तसाच ठेवलेला, म्हणजे तिन्हीकडे १९२.१६८.१चाच पट्टा. रत्नागिरीतून लांज्याच्या १९२.१६८.१.२०वर जायला निघालात की मशीनला वाटतं तो पत्ता इथलाच आहे, आणि बाहेर कुठे जातच नाही. व्हीपीएन 'कनेक्टेड', रिमोट बंद. इथे एकच इलाज आहे: प्रत्येक शाखेला वेगळा पट्टा, १९२.१६८.११, १९२.१६८.१२, १९२.१६८.१३ असा. काम रविवारी करा. हाताने पत्ता लावलेल्या प्रत्येक वस्तूची आधी यादी करा. नेटवर्कवरचा प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर हे तिन्ही हटकून विसरले जातात, आणि सोमवारी सकाळी पहिला फोन हजेरी लागत नाही म्हणून येतो.